निर्यातीचा कंटेनर: कारखान्याच्या दारापासून जहाजापर्यंत सुरक्षाही, वेळेची बचतही

चाकणचे यंत्रभाग असोत, निफाडची द्राक्षं असोत की इचलकरंजीचं कापड, महाराष्ट्रातून समुद्रमार्गे परदेशी जाणारा बहुतेक माल शेवटी न्हावा शेवाच्या फाटकातून आत जातो. कारखान्यापासून त्या फाटकापर्यंतचा प्रवास काही तासांचा. पण रॉटरडॅमला किंवा न्यूयॉर्कला डबा उघडल्यावर माल कमी भरला, किंवा त्यात नको ते काही सापडलं, तर तुम्हाला प्रश्न विचारले जातात ते याच काही तासांबद्दल. डबा कोणी तपासला, सील कोणी लावलं, गाडी वाटेत कुठे आणि किती वेळ उभी होती?

लहान-मध्यम निर्यातदारांमध्ये एक समज घट्ट बसलेला आहे: सुरक्षा म्हणजे जास्तीची कागदपत्रं, जास्तीचा खर्च, आणि ती मोठ्या कंपन्यांनी करायची गोष्ट. मला हे मुळीच पटत नाही. माल चालता असतो तेव्हा सहसा काही होत नाही. जे होतं ते तो उभा असताना होतं. आणि तो उभा असतानाच डिटेन्शन (मोफत दिवसांपेक्षा जास्त डबा ठेवल्याचं शिपिंग लाइनचं शुल्क) चढतं, ट्रेलरचा हॉल्टिंग चार्ज (गाडी थांबवून ठेवल्याचं भाडं) लागतो, जहाजाची कट-ऑफ (डबा बंदरात पोचवायची शेवटची वेळ) चुकते. चोराला सोयीची जागा आणि तुमचे पैसे गळण्याची जागा बहुतेक वेळा एकच असते. म्हणून खाली जे टप्पे दिले आहेत, त्यांतला जवळजवळ प्रत्येक टप्पा दोन्ही कामं करतो.

टप्पा १: आधी वेळा लिहा, मग कॅमेरे घ्या

कोणतंही उपकरण विकत घेण्याआधी एक साधी एक्सेल शीट उघडा. दर कंटेनरमागे एक ओळ, आणि तिच्यात या वेळा: रिकामा डबा यार्डातून निघाला, कारखान्यात पोचला, माल भरायला सुरुवात झाली, दार बंद होऊन सील लागलं, गाडी फाटकाबाहेर पडली, बंदराच्या पार्किंग प्लाझात पोचली, कस्टम्सची लेट एक्स्पोर्ट ऑर्डर (निर्यातीची मंजुरी) मिळाली, टर्मिनलला गेट-इन झालं (डबा आत घेतला गेला), जहाजावर चढला. महिनाभराच्या कंटेनरांच्या वेळा शेजारी शेजारी आल्या की दुखणं कुठे आहे ते आपोआप दिसतं.

बहुतेक कारखान्यांत हे दुखणं रस्त्यावर नसून घरातच असतं. ट्रेलर संध्याकाळी येतो, पण पॅकिंग पूर्ण नसतं किंवा क्वालिटीची सही बाकी असते. मग डबा रात्रभर आवारात उभा राहतो, कधी रिकामा, कधी अर्धा भरलेला, दार नुसतं लोटलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भराई होते आणि पुढे कट-ऑफसाठी पळापळ. शिपिंग लाइनचे मोफत दिवस साधारणपणे रिकामा डबा उचलल्यापासून मोजले जातात, म्हणजे ही रात्र तुम्ही स्वतःच्या खिशातून भरता. आणि अर्धवट भरलेला, सील नसलेला डबा रात्रभर उघड्यावर असणं ही सगळ्या साखळीतली सर्वांत कच्ची कडी आहे.

यावर उपाय एकच नियम: माल पॅक होऊन, मोजून, पॅकिंग लिस्टवर सही झाल्याशिवाय यार्डातून डबा उचलायचा नाही. एका दिवसात तीन-चार गाड्या येत असतील तर प्रत्येकीला ठरलेली वेळ द्या. एखादा डबा नाइलाजाने रात्री थांबलाच, तर दार बंद करून तात्पुरतं कुलूप आणि क्रमांकाचं साधं सील लावा, नोंद करा आणि सकाळी तो क्रमांक ताडून मगच उघडा.

टप्पा २: रिकामा डबा तपासणे

या टप्प्याला कमी लेखलं जातं, म्हणून इथे जरा सविस्तर.

सुरुवात नंबरापासून. प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीत एक शेवटचा आकडा असतो. हा शेवटचा आकडा पडताळणीचा आहे. तो आधीच्या दहा चिन्हांवरून काढलेला असतो. आयएसओ ६३४६ या मानकात उदाहरण म्हणून वापरला जाणारा नंबर घ्या: सीएसक्यूयू ३०५४३८ ३. अक्षरांना ठरलेल्या किमती आहेत (सी १३, एस ३०, क्यू २८, यू ३२). पहिल्या चिन्हाला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ४ ने असं दर वेळी दुप्पट करत गुणायचं. बेरीज येते ६१८५; तिला ११ ने भागलं की बाकी उरते ३. तोच चौकटीतला आकडा. हे सूत्र एकदा एक्सेलमध्ये घालून ठेवलं की नंबर टाइप करतानाच चूक लाल होऊन दिसते. दोन आकड्यांची अदलाबदल ही सर्रास होणारी चूक, आणि ती शिपिंग बिलात (कस्टम्सला द्यायच्या निर्यातीच्या घोषणापत्रात) गेली की दुरुस्तीसाठी कस्टम ब्रोकरच्या चकरा आल्याच. रंगवून नंबर बदललेला डबाही याच हिशोबात सापडू शकतो.

मग सात बाजू: बाहेरून आणि खालून, दारं आतून-बाहेरून, उजवी भिंत, डावी भिंत, समोरची भिंत, छत, जमीन. सी-टीपॅट या अमेरिकी कस्टम्सच्या पुरवठा साखळी सुरक्षा कार्यक्रमामुळे ही सात ठिकाणांची तपासणी जगभर रूढ झाली. नेमकं काय बघायचं ते सांगतो.

दाराच्या उभ्या दांड्या आणि सील जिथे अडकतं ती कडी धरून हलवा. कडी ज्या रिव्हेटने बसवलेली असते ती रिव्हेट नवी, चकचकीत किंवा नटबोल्टने बदललेली असेल तर डबा घेऊ नका. सीलला हात न लावता ती कडीच सोडवून दार उघडणं ही चोरांची जुनी युक्ती आहे. माल जातो आणि सील मात्र शाबूत राहतं.

आत शिरून टेप लावा. वीस फुटी डब्याची आतली लांबी साधारण ५.९ मीटर, चाळीस फुटीची १२.०३ मीटर. समोरच्या भिंतीपर्यंतचं माप अर्ध्या हाताने कमी आलं तर पुढे खोटी भिंत असू शकते. दोन्ही बाजूंच्या भिंती ठोकून बघा. आवाज पत्र्याचा, पोकळ यायला हवा. एखाद्याच जागी ताजा रंग, ताजं वेल्डिंग किंवा नव्या फळ्या दिसल्या तर तिथे थांबा.

मग एक माणूस आत उभा राहील आणि बाहेरून दारं पूर्ण लावून घेतली जातील. (बाहेर दुसरा माणूस उभा असल्याशिवाय हे कधीही करू नये.) अंधारात डोळे स्थिरावले की छताकडे आणि कोपऱ्यांकडे पाहायचं. कुठूनही उजेडाची तिरीप आली तर तिथून पाणी येणार. पावसाळ्यात माल भिजण्याचे दावे टाळायला यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

द्राक्षं, डाळिंब, आंबा पाठवणाऱ्यांसाठी आठवी जागा: रीफरचं, म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरचं, मशीन. पंख्याचं झाकण आणि समोरची तपासणीची झडप यांचे स्क्रू ओरखडलेले नाहीत ना, ते पाहा. आतली ती पोकळी मादक पदार्थ लपवण्यासाठी वापरली गेल्याची उदाहरणं युरोपच्या बंदरांत वारंवार सापडली आहेत. त्याच वेळी सेट केलेलं तापमान आणि हवेच्या झडपेची स्थिती तपासा. ही दोन कामं एकाच माणसाने एकाच फेरीत करावीत.

जमिनीवर माती, बिया, मुंग्या, जुन्या मालाचा भुसा दिसला तर झाडून घ्या, गरज पडली तर धुवून घ्या. सी-टीपॅटच्या २०२० पासूनच्या निकषांत कीड आणि कृषी-दूषितता हाही तपासणीचा भाग आहे, आणि ऑस्ट्रेलियासारखे देश याबाबत फार कडक आहेत.

तपासणी दोघांनी करायची, एक फाटकावरचा सुरक्षारक्षक आणि एक डिस्पॅचचा माणूस. छापलेला तक्ता, प्रत्येक बाजूचा फोटो, खाली दोघांच्या सह्या. सराव झाला की पंधरा-वीस मिनिटांत होतं. त्याहून पुढची पायरी म्हणजे याच तक्त्याचं मराठी-हिंदी चित्ररूप कार्ड ट्रेलरचालकाला देणं, म्हणजे तो यार्डातच डबा पाहून नाकारू शकेल. कारखान्यात पोचल्यावर नाकारलेला डबा म्हणजे एक अख्खी फेरी वाया.

टप्पा ३: भराई आणि वजन

भरताना मोजणारा आणि भरणारा वेगळा हवा. ठेकेदाराचे हमाल भरतात आणि त्यांचाच मुकादम मोजतो, असं असेल तर ती मोजणी कोणी मानणार नाही. चार फोटो ठरवून घ्या: डबा रिकामा, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला, आणि दार बंद होऊन सील लागलेला. प्रत्येक फोटोत कंटेनरचा नंबर दिसलाच पाहिजे. दाराच्या आतल्या बाजूला नंबर लिहिलेली पाटी धरली तरी चालते.

लाकडी पॅलेट वापरत असाल तर आयएसपीएम १५ (लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये यासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) चा शिक्का बघा. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापमान सलग ३० मिनिटं दिल्यावर तो शिक्का मिळतो. तो नसेल तर माल कितीही चांगला असो, परदेशी बंदरात पॅलेटमुळे अख्खा डबा अडकतो.

वजनाबद्दल. जानेवारी २००७ मध्ये एमएससी नेपोली हे जहाज इंग्लिश खाडीत वादळात फुटलं. नंतर त्यावरच्या कोरड्या राहिलेल्या ६६० कंटेनरांचं वजन केलं, तेव्हा त्यांतल्या २० टक्के डब्यांत जाहीर केलेल्या आणि खऱ्या वजनात ३ टनांहून जास्त फरक निघाला. अशा अनुभवांतूनच १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन, म्हणजे व्हीजीएम, देणं सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारानुसार बंधनकारक झालं. एक तर भरलेला डबा काट्यावर घ्या, नाहीतर माल, पॅकिंग, पॅलेट, लॅशिंगचं (माल बांधण्याचं) साहित्य यांची वजनं घेऊन त्यांत दारावर लिहिलेलं टेअर वजन, म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन, मिळवा. अंदाजाने आकडा टाकू नका. तुमच्या डब्याच्या वर आणि खाली दुसरे डबे असतात आणि त्या जहाजावर माणसं असतात.

याच वजनाचा दुसरा उपयोग: पॅकिंग लिस्टवरून यायला हवं ते वजन आणि काट्यावरचं वजन यांत फरक पडला तर दार अजून तुमच्या समोर आहे, तेव्हाच मोजणी पुन्हा करता येते. गंतव्य बंदरात वजन वेगळं आलं, तर माल वाटेत गेला की मुळात कमी भरला हेही या काटापावतीवरूनच ठरतं.

टप्पा ४: सील

भारतात कारखान्यात भरलेल्या डब्यांसाठी २०१७ पासून स्वतः सील लावण्याची पद्धत आली. आधी अधिकारी येऊन सील करत. आता निर्यातदार आरएफआयडी (रेडिओ लहरींनी वाचता येणारी चिप) असलेलं ई-सील लावतो. त्यासाठी पहिल्या नियोजित कंटेनरच्या किमान १५ दिवस आधी संबंधित कस्टम्स अधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ते जागा पाहतात, अहवाल देतात आणि आयुक्तालयाची परवानगी मिळते. ही परवानगी एकदा मिळाली की देशातल्या सर्व बंदरांसाठी चालते. अजूनही ज्यांचा माल कारखान्यातून सीएफएसला (बंदराजवळच्या कंटेनर फ्रेट स्टेशनला) जाऊन तिथे डब्यात भरला जातो, त्यांनी पूर्ण डबाभर माल असेल तर हा मार्ग गंभीरपणे तपासावा. एक हाताळणी कमी होते, एक मुक्काम कमी होतो आणि मालाला परका हात लागत नाही.

सील आयएसओ १७७१२ प्रमाणे उच्च सुरक्षा वर्गाचं, म्हणजे ‘एच’ खूण असलेलं हवं, आणि ती खूण पिन आणि टोपी दोन्ही भागांवर हवी. पुरवठादाराकडून चाचणीचं प्रमाणपत्र मागून फाइलला लावा; परदेशी खरेदीदाराचा प्रश्न येतो तेव्हा तेच लागतं.

आता खरी गोची. ई-सीलचा क्रमांक शिपिंग बिल भरतानाच द्यावा लागतो, म्हणजे सील लागण्याआधी. डब्यावर प्रत्यक्षात दुसरंच सील लागलं, तर बंदरात जुळत नाही आणि गाडी बाजूला काढली जाते. हे टाळायची सोपी रीत: सीलचा साठा कुलपात, एकाच जबाबदार माणसाकडे. शिपिंग बिल तयार झालं की ठरलेलं सील लिफाफ्यात घालायचं, लिफाफ्यावर शिपिंग बिल नंबर लिहायचा, आणि भराई संपल्यावर तोच लिफाफा दारापाशी फोडायचा. सीलच्या रजिस्टरमध्ये आलेला, वापरलेला, खराब झालेला प्रत्येक क्रमांक हवा; मोडलेलं सीलही फेकायचं नाही, तुकडे जपून ठेवायचे. शिवाय शिपिंग लाइनचं वेगळं सील असतं. कोणता क्रमांक कोणत्या कागदावर जातो हे एकदा ब्रोकरबरोबर बसून लिहून ठेवा, कारण या दोन क्रमांकांची अदलाबदल हे बिल ऑफ लेडिंगमधल्या (जहाज कंपनीने माल घेतल्याच्या दस्तऐवजातल्या) चुकांचं नेहमीचं कारण आहे.

लावताना चार क्रिया, दर वेळी, याच क्रमाने. बघा: सील आणि कडी दोन्ही धड आहेत का. जुळवा: क्रमांक कागदाशी. ओढा: टोपी खाली खेचून, ती नीट बसली का. पिरगळा: पिन आणि टोपी उलट्या दिशेने, सैल फिरत तर नाही ना. या चार क्रिया गाडी फाटकाबाहेर पडताना रक्षकाने पुन्हा करायच्या, आणि चालकाने प्रत्येक थांब्यानंतर.

सील लावणारा माणूस कोण, हेही महत्त्वाचं. सील लावण्याचा अधिकार ज्यांना आहे त्यांची नावं कागदावर असावीत आणि चालकाच्या हातात सील देऊन ‘लाव जा’ असं कधीही सांगू नये.

टप्पा ५: रस्ता आणि चालक

नाशिकहून येणारी गाडी कसारा घाट उतरते, पुण्याहून येणारी खंडाळा. पुढे पनवेलजवळ पळस्पे फाटा, मग गव्हाण फाटा आणि बंदराचा रस्ता. या मार्गावर कुठे थांबायचं हे तुम्ही आणि वाहतूकदाराने आधी ठरवा, दोन जागा पुरतात. जीपीएस जवळपास सगळ्या ट्रेलरना असतोच. प्रश्न तो बघतो कोण हा आहे. ठरलेल्या जागेव्यतिरिक्त गाडी अर्ध्या तासाहून जास्त थांबली तर ठरलेल्या व्यक्तीला फोन जावा आणि तिने चालकाला फोन करून कारण लिहून ठेवावं. एवढी शिस्त असली तर महागड्या यंत्रणेची घाई नाही.

चालकाबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. सुरक्षेच्या नावाखाली त्याचा आधार, परवाना, फोटो सगळं घेतलं जातं, पण तोच माणूस आवारात सहा-सात तास उन्हात उभा राहतो. त्याला प्यायचं पाणी, संडास, बसायला सावली नसते. मग तो गाडी सोडून बाहेर जातो, किंवा थकलेल्या डोळ्यांनी घाट उतरतो, किंवा वाटेत ढाब्यावर झोपतो. चालकांसाठी एक स्वच्छ खोली, पंखा, पाणी आणि स्वच्छतागृह ही तुमच्या पुरवठा साखळीतली खरोखरची सुरक्षा-गुंतवणूक आहे. आणि लवकर गाडी सोडणाऱ्या कारखान्याला वाहतूकदार आपले भरवशाचे चालक देतात, हेही तितकंच खरं. शक्यतो तेच चालक पुन्हा पुन्हा मागा. कोणत्या दिवशी कोणता माल कोणत्या गाडीतून जाणार ही माहिती मात्र ज्यांना लागते त्यांनाच द्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या मोठ्या ग्रुपवर पूर्ण लोडिंग प्लॅन टाकू नका.

डबा बंदराच्या हद्दीत आला की त्याचा पुढचा माग तुम्हीही घेऊ शकता. लॉजिस्टिक्स डेटा बँकेची आरएफआयडी टॅगची सोय २०१६ मध्ये इथल्याच जेएनपीटीपासून, म्हणजे न्हावा शेवा बंदरापासून, सुरू झाली. कंटेनर नंबर टाकला की तो कुठून कधी गेला ते दिसतं. टप्पा १ मधल्या शीटमधले शेवटचे रकाने यावरून भरता येतात.

टप्पा ६: माहिती आधी, माल नंतर

आता बहुतेक मोठ्या बाजारपेठा माल पोचायच्या नव्हे, जहाजावर चढायच्या आधी त्याची माहिती मागतात. अमेरिकेत आयातदाराला इम्पोर्टर सिक्युरिटी फाइलिंग माल जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी करावं लागतं. चूक झाली तर ५००० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. युरोपियन युनियनच्या आयसीएस २ या मालाची आगाऊ माहिती घेणाऱ्या प्रणालीत समुद्री वाहतूकही २०२४ पासून टप्प्याटप्प्याने आली, आणि तिथे किमान सहा आकडी एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) आणि मालाचं नेमकं वर्णन लागतं. ‘मशीन पार्ट्स’, ‘फूड आयटेम्स’, ‘जनरल कार्गो’ असं मोघम लिहिलं तर फाइल परत येते आणि डबा पुढच्या जहाजावर ढकलला जातो.

ही फाइलिंग दुसरे करतात, पण त्यातला कच्चा मजकूर तुमच्याकडूनच जातो: खरा उत्पादक कोण, भराई कोणत्या पत्त्यावर झाली, वर्णन काय, कोड काय. म्हणून प्रत्येक उत्पादनाचं वर्णन आणि कोड यांची एक पक्की यादी बनवा, ब्रोकर आणि खरेदीदार दोघांकडून तपासून घ्या, आणि इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंगचा मसुदा या सगळ्यांत मजकूर तिथूनच उचला. दर वेळी नव्याने टाइप केलेल्या मजकुरात फरक पडतो, आणि कागदपत्रांतली तफावत ही जोखीम मोजणाऱ्या कस्टम्सच्या संगणकाला संशयासारखीच दिसते.

टप्पा ७: संगणक आणि ईमेल

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क कंपनीची जगभरातली यंत्रणा बंद पाडली. जेएनपीटीतलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही त्यात सापडलं आणि इथल्या निर्यातदारांना ती झळ लागली. कंपनीने नुकसान २० ते ३० कोटी डॉलर सांगितलं. त्याआधी, २०११ ते २०१३ च्या दरम्यान, अँटवर्पमध्ये तस्करांनी हॅकर लावून कंटेनर सोडवण्याचे पिन कोड मिळवले होते आणि खऱ्या मालकाच्या आधी डबे उचलून नेले होते.

तुमच्या पातळीवर करायचं ते थोडकंच आहे. जहाजाचं नाव, सील क्रमांक, डिलिव्हरीचे कोड यांचे फोटो सोशल मीडियावर टाकू नका, अगदी ‘आमचा पहिला कंटेनर’ म्हणूनही. दार बंद केलेला फोटो टाकायचा असेल तर नंबर झाका. आइसगेट (कस्टम्सचं ऑनलाइन पोर्टल) आणि शिपिंग लाइनच्या खात्यांचे पासवर्ड नोकरी सोडलेल्या माणसाकडे राहू देऊ नका. निर्यातीची शीट आणि कागदपत्रं रोज दुसऱ्या, इंटरनेटला न जोडलेल्या डिस्कवर उतरवा. आणि ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा मेल कोणाकडूनही आला, तर त्या मेलमधल्या नंबरवर नव्हे, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. आपल्या खरेदीदारालाही हेच लेखी कळवा: आमचं खातं आम्ही ईमेलवरून कधीही बदलणार नाही.

टप्पा ८: एईओ

वरचं सगळं बसलं की त्याचं फळ घ्यायची जागा म्हणजे कस्टम्सचा एईओ (ऑथराइज्ड इकॉनॉमिक ऑपरेटर, म्हणजे विश्वासू व्यावसायिक) दर्जा. भारतात हा कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला, २०१६ मध्ये त्याची आजची तीन पातळ्यांची रचना आली. टी१ ही मुख्यतः कागदपत्रांवर मिळणारी पहिली पातळी. टी२ साठी अधिकारी प्रत्यक्ष जागेवर येऊन सुरक्षेची तपासणी करतात. २०२० च्या सवलतीनंतर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना मागच्या आर्थिक वर्षातली १० शिपिंग बिलं किंवा बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीची घोषणापत्रं, (दर सहामाहीत किमान ५) पुरतात. इतरांना २५ लागतात.

टी१ मिळाला तरी कारखान्यात भरलेल्या डब्याला थेट बंदर प्रवेश मिळतो, तपासणीचं प्रमाण घटतं आणि आयात असेल तर थेट बंदरातून डिलिव्हरी मिळते. टी२ पासून पुढे आयात शुल्क नंतर भरण्याची सोय आहे, म्हणजे खेळतं भांडवल मोकळं राहतं. शिवाय दक्षिण कोरिया, हाँगकाँग, तैवान, अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांच्याशी भारताचे एकमेकांचा असा दर्जा मान्य करण्याचे करार झाले आहेत. अमेरिकेशी तो सप्टेंबर २०२१ मध्ये झाला. भारतातला उत्पादक स्वतः सी-टीपॅटचा सदस्य होऊ शकत नाही, पण त्याचा अमेरिकन खरेदीदार सदस्य असेल तर लांबलचक सुरक्षा प्रश्नावली पाठवतो. टी२ प्रमाणपत्र हे त्या प्रश्नावलीचं सर्वांत वजनदार उत्तर आहे.

माझं मत विचाराल तर अर्जाची घाई करू नका. आधी सहा महिने वरच्या नोंदी नियमित ठेवा, मग अर्ज करा. सल्लागाराकडून तयार मॅन्युअल विकत घेणारे अनेक जण टी१ सहज मिळवतात आणि टी२ च्या भेटीत अडकतात, कारण अधिकारी मॅन्युअल वाचून दाखवायला सांगत नाहीत. ते फाटकावरच्या रक्षकाला विचारतात, ‘काल कोणता कंटेनर गेला, सील नंबर काय होता, दाखवा.’

काही बिघडलं तर

सील तुटलेलं किंवा वेगळं दिसलं, तर पहिला नियम: दार उघडायचं नाही. गाडी वाटेत असेल तर चालकाने जवळच्या उजेडाच्या, माणसं असलेल्या जागी थांबून फोटो काढायचे आणि कारखान्यात कळवायचं. त्याला ज्याला फोन करायचा ती व्यक्ती आणि तिचा पर्याय आधीच ठरलेला असावा, कारण असले फोन रात्री दोनलाच येतात. मग लेखी कळवायचं: वाहतूकदार, ब्रोकर, कस्टम्स, विमा कंपनी, आणि चोरीची शंका असेल तर पोलीस. कस्टम्सला आपणहून कळवणं काहींना धोक्याचं वाटतं. पण जी गोष्ट बंदराच्या रीडरवर दिसणारच आहे ती आधी तुमच्याकडून कळली तर तुमच्या शब्दाला वजन राहतं.

खरेदीदाराच्या टोकालाही हेच लागू आहे. डबा ताब्यात घेताना सील बिल ऑफ लेडिंगशी ताडावं, फरक असेल तर पावतीवर शेरा मारून घ्यावा आणि वरून न दिसणारं नुकसान असेल तर जहाज कंपनीला तीन दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी. तुमच्या नव्या खरेदीदाराला ही एका पानाची सूचना पहिल्याच कंटेनरबरोबर पाठवा. दावा करायची वेळ आली तर दोघांचा बचाव त्यावर उभा राहतो.

दर तिमाहीला एक सराव

तीन महिन्यांपूर्वी गेलेला कोणताही एक कंटेनर चिठ्ठी टाकून निवडा. घड्याळ लावा. तासाभरात त्याचं पूर्ण वर्तुळ टेबलावर मांडायचं: तपासणीचा तक्ता, चार फोटो, काटापावती, सील रजिस्टरमधली ओळ, चालकाचं नाव, थांब्यांच्या नोंदी, गेट-इनची वेळ, बिल ऑफ लेडिंग. जो कागद सापडत नाही त्याची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याला रागावू नका. तो कागद तयार होण्याची जागा आणि वेळ बदला. काटापावती बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या केबिनमध्येच राहून जाते, म्हणून तिचा फोटो काट्यावरच काढायची सवय लावा. पुढच्या तिमाहीत दुसरा कंटेनर, आणि या वेळी चिठ्ठी फाटकावरच्या रक्षकाला काढू द्या.